साउंड डेस्कच्या चार पावलं पुढे: लंडनमध्ये इलेक्ट्रॉनिक बँड लाइव्ह कसा बघायचा

प्रश्न थोडक्यात असा आलाय की ऑफिसच्या कामासाठी नऊ दिवस लंडन, मुक्काम डॉलिस हिलला मावशीकडे, मधली एक शुक्रवारची रात्र मोकळी, हॉट चिप किंवा त्या जातीचा एखादा इंडी इलेक्ट्रॉनिक बँड लाइव्ह बघायचाय, एकटीनेच जायचंय, ते विचित्र वाटेल का, उंची पाच फूट एक इंच, तर हॉलमध्ये उभं कुठे राहायचं, आणि पुण्यातला एक मित्र म्हणतोय की "ते सगळं लॅपटॉपवर वाजतं, कशाला पैसे घालवतेस, यूट्यूबवर बघ की". तर ताई, काय करू?

ताई म्हणालीस म्हणून बैजवार सांगते. मी लाइव्ह साउंड करते, सतरा वर्षं झाली. सुरुवात बालगंधर्वला, नाटकांच्या आणि ऑर्केस्ट्रांच्या मागे वायरी गुंडाळण्यापासून, मग कॉलेजचे फेस्टिवल, मग पुण्यातल्याच मोठ्या फेस्टिवलांमध्ये छोट्या स्टेजवर मॉनिटर (म्हणजे वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून दिलेला आवाज), आणि गेली सहा वर्षं लंडनमध्ये फ्रीलान्स. मधल्या आकाराच्या हॉलांमध्ये, बहुतेक वेळा ज्यांच्याकडे सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारे कीबोर्ड) जास्त आणि गिटार कमी अशाच बँडांबरोबर. त्यामुळे खाली जे लिहितेय ते साउंड डेस्कच्या, म्हणजे आवाज मिसळायच्या टेबलाच्या, मागून दिसलेलं आहे.

आधी त्या मित्राचा निकाल लावते कारण हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. त्याला विचार, तबल्याचा सोलो ऐकलायस का? लेहरा चालू असतो, तीच ओळ तासभर गोल गोल, आणि आता पुष्कळ ठिकाणी रियाजाला तो मशीनवर लावतात. म्हणून तबलजी खोटा होतो का? इलेक्ट्रॉनिक बँडचं तेच असतं. लॅपटॉपमध्ये काय असतं तर जे वाजवायला स्टेजवर माणूस उभा करण्यात अर्थ नाही ते, म्हणजे सहा मिनिटं एकसारखी चालणारी खुळखुळ्यासारखी बारीक लय, मागचे आवाजांचे थर, गाण्याच्या मधे येणारा एखादा सूं करून जाणारा इफेक्ट. त्याच्याबरोबर एक टिक टिक असते, तिला क्लिक म्हणतात, ती फक्त वाजवणाऱ्यांच्या कानातल्या इअरपीसमध्ये जाते, तुला कधीच ऐकू येत नाही. आणि त्या टिक टिकवर ड्रमर, बेस, सिंथ, गाणारे हे सगळे खरोखर वाजवत असतात. कॉम्प्युटर कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे असल्या बँडचा ड्रमर म्हणजे अख्ख्या स्टेजवरचा सगळ्यात काटेकोर माणूस. रॉक बँडमध्ये सगळे मिळून थोडे पळाले तरी खपून जातं, इथे एक मात्रा सरकली की लगेच उघडं पडतं.

हॉट चिपचं घे. २००० साली लंडनमध्ये सुरू झालेला बँड, अलेक्सिस टेलरचा तो बारीक, वरचा, जवळजवळ पोरगेला आवाज आणि जो गोडार्डचा खाली बसणारा जड आवाज, ही जोडी म्हणजे त्यांचं मूळ. रेकॉर्डवर ते बऱ्यापैकी मशीनचं वाटतं, पण स्टेजवर सिंथची ओळच्या ओळ, गिटार, पर्कशन, आणि सेरा जोन्ससारखी ड्रमर मागे बसली की तीच गाणी एकदम अंगावर येतात, लांबतात, एकातून दुसरं सुरू होतं. त्यांचा अ‍ॅल डॉइल एलसीडी साउंडसिस्टम या दुसऱ्या बँडमध्येही वाजवतो, म्हणजे बघ, माणसं मशीनवाली असली तरी हाताने वाजवणारी आहेत. आणि जुने अ‍ॅनालॉग सिंथ असले तर आणखी मजा, दिवे तापले की त्यांचा सूर सरकतो, एसी लागला की तानपुऱ्याचा सूर हलतो ना तसंच, आणि मग दोन गाण्यांच्या मधे वाजवणारा खाली वाकून बटणं पिळत असतो, लोकांना वाटतं काहीतरी भारी करतोय, प्रत्यक्षात तो बिचारा सूर लावत असतो.

लॅपटॉपही एक नसतो बरं का, दोन असतात, दोन्ही एकाच वेळी चालू. पहिला एका बाजूने सतत एक बारीक सूर सोडत राहतो, तो सूर बंद पडला की मधला डबा आपोआप दुसऱ्या लॅपटॉपवर जातो, आणि तुम्हाला खाली कळतही नाही. मला मात्र कळतं, घाम फुटतो.

आता खरं सांगायचं तर नुसतं प्ले दाबून हात वर करणारेही आहेत. ते ओळखायची माझी एक युक्ती आहे. त्याच टूरमधले दोन वेगवेगळ्या शहरांतले मोबाइलवर काढलेले व्हिडिओ शोध, ऑफिशियल नको, थरथरणारे, मधे कुणाचं तरी डोकं आलेले, आणि एकच गाणं दोन्हीत ऐक. ड्रमचे तोडे, गाण्याची लांबी, गाणाऱ्याचे श्वास सगळं अगदी सेम असेल तर पैसे वाचव. कुठे तोडा वेगळा, कुठे शेवट ताणलाय, कुठे आवाज किंचित फाटलाय, तर डोळे मिटून तिकीट काढ.

आता मुद्द्यावर येते. लोक मला तिकिटाचं विचारतात, बँडचं विचारतात, कपड्यांचंही विचारतात, पण हॉलमध्ये गेल्यावर उभं कुठे राहायचं हे कुणीच विचारत नाही, तू विचारलंस. आणि इलेक्ट्रॉनिक बँडच्या बाबतीत अर्धी रात्र त्याच्यावर ठरते.

का ते सांगते. रॉक बँडच्या अगदी पुढे उभी राहिलीस तर स्टेजवरच्या गिटारच्या अ‍ॅम्पचा आवाज थेट येतो, ड्रम थेट येतात, म्हणजे स्पीकर बंद केले तरी काहीतरी ऐकू येईल. इलेक्ट्रॉनिक बँडमध्ये सिंथचा आवाज स्टेजवर नसतोच. तो वायरीतून सरळ डेस्कला येतो, डेस्कवरून वर टांगलेल्या स्पीकरांना जातो, आणि वाजवणारे स्वतःचं सगळं कानातल्या इअरपीसमध्ये ऐकतात. त्यामुळे पहिल्या रांगेत काय होतं, तर वर टांगलेले स्पीकर तुझ्या डोक्यावरून मागे फेकतात, समोर स्टेजच्या कडेवर ठेवलेल्या दोन-चार छोट्या स्पीकरांतून थोडं गाणं मिळतं, आणि खालच्या सबमधून (नुसता बेस काढणारे मोठे स्पीकर) बेस पोटात. गाणाऱ्याचा घाम दिसतो पण शब्द कळत नाही. पहिल्या रांगेसाठी चार तास लाइनमध्ये उभी राहिलेली पोरं बघते ना, मला वाईट वाटतं, कारण हॉलमधला सगळ्यात बेकार आवाज त्यांना मिळणार असतो. अर्थात त्यांना तो चेहराच बघायचा असेल तर ठीक आहे, तो आनंद वेगळा.

बेसचं गणित आणखी गमतीचं आहे. लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या रात्री डीजेच्या भिंतीसमोर उभी राहिली असशीलच, छातीत धडधडतं, आणि घरी येऊन खिडक्या लावून झोपलं तरी गाणं गेलेलं असतं पण धुम धुम तेवढं येतच राहतं. खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात, ५० हर्ट्झची एक लाट जवळजवळ ७ मीटर. हॉलमध्ये सब स्टेजच्या डाव्या-उजव्या बाजूला असतील तर बरोबर मधल्या रेषेवर दोन्हीकडून बेस एकाच वेळी पोचतो, दुप्पट होतो. बाजूला सरकत गेलीस की एक जागा अशी येते जिथे एक सब दुसऱ्यापेक्षा साडेतीन मीटर लांब पडतो, म्हणजे अर्धी लाट, आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. तिथे उभ्या माणसाला वाटतं की बँड फुसका आहे. चार पावलं सरकला असता तर कपडे फडफडले असते. चांगले टूर हल्ली सब स्टेजच्या पुढे ओळीने लावून थोडा थोडा वेळेचा फरक देऊन हे बरंच सपाट करतात, पण सगळीकडे नाही. आणि मागची भिंत, कोपरे, तिथे उलटं, बेस साठतो, सगळं एकच बुम बुम बुम. बाल्कनीच्या खाली अजून वाईट, वरच्या स्पीकरांचा बारीक आवाज पोचतच नाही, उशी तोंडावर धरून गायल्यासारखं.

म्हणून साउंड डेस्क. हॉलच्या मध्यापासून थोडं मागे एक कठड्याने वेढलेली जागा असते, आत आमच्यासारखी दोन-तीन काळ्या टीशर्टमधली माणसं, भरपूर लुकलुकणारे दिवे. मी मिक्स करते ते त्या जागेवर जसं ऐकू येतं तसं. म्हणजे अख्ख्या हॉलमध्ये हीच एक जागा अशी की जिथला आवाज कुणीतरी दुपारी चारपासून बसून मुद्दाम नीट केलेला असतो. तू डेस्कच्या चार पावलं पुढे उभी रहा, अगदी मधोमध नको, किंचित डावीकडे नाहीतर उजवीकडे. डेस्कला टेकून उभी राहिलीस तरी कुणी काही म्हणत नाही, फक्त बिअरचा ग्लास कठड्यावर ठेवू नकोस. ठेवलेला ग्लास पडतोच, आणि पडला की आतच पडतो.

उंची पाच-एक आहे हे तू लिहिलंस ते बरं केलंस, कारण त्याच्यावरून हॉल निवडायचा. मी स्वतः पाच फूट आहे. इंग्लंडमध्ये सपाट हॉलमध्ये आपण म्हणजे सहा फुटी पाठींच्या जंगलात हरवलेली लेकरं. त्यामुळे माझा पहिला कौल ब्रिक्स्टन अ‍ॅकॅडमी. १९२९ साली अ‍ॅस्टोरिया नावाचं सिनेमा थिएटर म्हणून बांधलं, आत अजून तो सगळा जुना थाट आहे, स्टेजवरची कमान व्हेनिसच्या रियाल्टो पुलावरून घेतलेली, आणि मुख्य म्हणजे थिएटर असल्यामुळे उभं राहायची जमीन स्टेजकडे उतरती आहे. मागे उभं राहिलं तरी पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं. जवळजवळ पाच हजार माणसं मावतात, तरी हॉल अंगावर येत नाही. हॉट चिपही तिथे वाजवून गेलेत. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे बाहेर तिकीट नसलेल्यांची प्रचंड गर्दी झाली, चेंगराचेंगरीत दोघं गेले, हॉल बंद ठेवला गेला आणि नव्या अटींवर एप्रिल २०२४ मध्ये परत उघडला. त्यामुळे गेटवर तपासणी कडक, आणि तिकीट हातात नसताना "बघू, मिळेल तिथे" म्हणून जायचं अजिबात नाही. हे मी सगळ्यांना सांगते, ओरडून सांगते.

कॅम्डनजवळचं राउंडहाउस मला इमारत म्हणून सगळ्यात आवडतं, १८४७ साली रेल्वेची इंजिनं फिरवायला बांधलेली गोल शेड, आत लोखंडी चोवीस खांबांचं रिंगण. पण जमीन सपाट, आणि खांबांच्या बाहेर उभी राहिलीस तर एक खांब कायम तुझ्या आणि गाणाऱ्याच्या मधे. रिंगणाच्या आतच जायचं. गोल इमारतीत आवाज फिरून परत मधे येतो, म्हणून तिथे दुपारी रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेक करताना रडायला येतं, टाळी वाजवली तर ती घरी जाऊन जेवून परत येते. लोक भरले की मात्र सुधारतं. माणसं म्हणजे गाद्या असतात आमच्यासाठी, सगळं शोषून घेतात. कोको १९०० सालचं नाटकाचं थिएटर, उंचच उंच, एकावर एक बाल्कन्या, २०२० च्या जानेवारीत आग लागली होती, २०२२ ला परत उघडलं, तिथे खाली उभं राहण्यापेक्षा वरच्या बाल्कनीच्या कठड्याला जागा मिळाली तर सोडू नकोस. शोरडिचचं व्हिलेज अंडरग्राउंड म्हणजे विटांची मोठी खोलीच, छपरावर जुन्या ट्यूबचे, म्हणजे लंडनच्या मेट्रोचे, डबे ठेवलेत, आणि ते डबे तुझ्या डॉलिस हिलच्याच ज्युबिली लाइनचे! तिथे छोटे, नवीन, वेडे बँड बघायला मिळतात.

आता हॉट चिप नेमका तुझ्याच नऊ दिवसांत लंडनमध्ये असेल का? बहुतेक नसेल. घरचा बँड असला तरी तो काही रोज वाजवत नाही. म्हणून उलटं कर, तारीख धर आणि बँड शोध. डाइस, साँगकिक, बँड्सइनटाउन ही अ‍ॅप आत्ताच टाक, आवडते बँड टाक, शहर लंडन कर. वर सांगितलेल्या हॉलांची कॅलेंडरं त्यांच्या साइटवर तुझ्या शुक्रवारची बघ, आणि जे नाव ओळखीचं नाही ते पाच मिनिटं ऐक. या शहरात या संगीताची मुळं किती दाट आहेत याची गंमत सांगते. पटनीमधल्या एलियट स्कूल नावाच्या एकाच सरकारी शाळेतून हॉट चिपचे टेलर-गोडार्ड, द एक्सएक्स बँडची मुलं, फोर टेट आणि बरिअल हे इलेक्ट्रॉनिक संगीतकार एवढे सगळे निघालेत. पुण्याच्या नूमवि शाळेच्या चार-पाच बॅचमधून निम्मं गायन-वादन निघावं तसं. फोर टेट म्हणजे कीरन हेब्डन, त्याची आई भारतीय वंशाची. तर सांगायचं हे की अनोळखी नाव दिसलं म्हणून घाबरू नकोस, इथे खालच्या फळीतले बँडसुद्धा बऱ्याचदा चांगले निघतात.

सीझन बघ पण. फेब्रुवारी ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे टूरचे दिवस, हॉल भरलेले. जुलै-ऑगस्टमध्ये सगळे फेस्टिवलांना पळतात, लंडनच्या बागांमध्ये मोठमोठे दिवसभराचे कार्यक्रम होतात, पण माझं मत विचारशील तर पहिल्यांदा बघणार असशील तर बाग नको. आजूबाजूला घरं असतात, आवाजावर मर्यादा असते, आणि बेसवर चालणाऱ्या बँडचा आवाज दाबून ऐकणं म्हणजे मिसळ मागवून तर्री बाजूला काढून ठेवणं. कामाच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी वेळ मिळाला तर ब्रिक लेनजवळच्या रफ ट्रेड ईस्ट या रेकॉर्डच्या दुकानात काय आहे ते बघून ठेव, नवीन अल्बम आला की बँड तिथे दुकानातच येऊन वाजवतात, बऱ्याचदा अल्बमसकट तिकीट असतं. मोठ्या बँडला हातभर अंतरावरून बघायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग.

तिकिटाचं पटकन. इथली मोठी विक्री बहुतेक शुक्रवारी सकाळी दहाला उघडते, म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. त्याच्या एक-दोन दिवस आधी प्रीसेल असतो, बँडच्या मेलिंगला नाव दिलं की कोड येतो. कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार चालू आहे ना ते आदल्या दिवशी बघ, ओटीपीची वाट बघता बघता तिकीट गेलेली माणसं मी बघितली आहेत. संपलं असेल तर निराश होऊ नकोस. डाइसवर वेटिंग लिस्ट असते, ट्विकेट्स या साइटवर लोक साधारण मूळ किमतीच्या आसपास विकतात. आणि एक आतली गोष्ट सांगते, विक्रीच्या वेळी काही तिकिटं मुद्दाम अडवून ठेवलेली असतात, कारण आमचं डेस्क किती जागा खाणार, कॅमेरा कुठे येणार हे नक्की नसतं. शोच्या दोन-तीन दिवस आधी, कधी कधी त्याच दुपारी, सगळं नक्की झालं की ती सोडतात. त्यामुळे "सोल्ड आउट" दिसलं तरी त्या आठवड्यात रोज एकदा हॉलच्या साइटवर डोकावत जा. स्टेशनच्या बाहेर "तिकीट तिकीट" करत फिरणारे दिसतील, त्यांच्याकडे बघायचंही नाही. आजकाल तिकीट फोनमधल्या अ‍ॅपमध्येच असतं, स्क्रीनशॉट पुष्कळ ठिकाणी चालत नाही, तर बॅटरी भरलेली हवी आणि तिकीट घरून निघतानाच उघडून बघायचं, दारात पाच हजार माणसं एकाच टॉवरला लोंबकळत असतात.

वेळेबाबत आपल्या सवयी विसर. आपल्याकडे आठचा कार्यक्रम म्हणजे नऊला माइक चेक. इथे दारं सातला म्हणजे सातला, सपोर्ट बँड (मुख्य बँडच्या आधी वाजवणारा) पावणेआठ-आठला, मुख्य बँड नऊच्या आसपास, आणि अकराला आवाज बंद म्हणजे बंद, लायसन्सचा प्रश्न असतो, मी स्वतः घड्याळाकडे बघत शेवटचं गाणं कापायची खूण केलेली आहे. नक्की वेळा त्याच दिवशी हॉलच्या किंवा बँडच्या सोशलवर येतात. सपोर्ट बँड चुकवू नकोस, निम्म्या वेळा रात्रीचा शोध तोच निघतो. आणि ज्या दिवशी उतरशील त्या दिवशीचं तिकीट काढू नकोस, लंडनचे रात्रीचे नऊ म्हणजे तुझ्या शरीराचे रात्रीचे दीड नाहीतर अडीच. माझी एक मैत्रीण अशीच विमानातून थेट गेली आणि इतक्या मोठ्या आवाजात खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपली, तेही इलेक्ट्रॉनिक शोमध्ये, विश्वास बसणार नाही.

बॅग. हे माझ्यावरच बेतलेलं आहे. लंडनमधलं पहिलंच वर्ष, मी प्रेक्षक म्हणून निघाले, कामावरून थेट, पाठीवर ही मोठी सॅक, आत लॅपटॉप, हेडफोन, डबा. हॉलचं नाव घेत नाही. गार्ड म्हणाला ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत जाणार नाही, आणि अशा बॅगा ठेवायची आत सोय नाही. मी त्याला सांगतेय की अहो मी पण याच धंद्यातली आहे, तो शांतपणे मान हलवतोय. मग परत मोठ्या स्टेशनला, सामान ठेवायच्या दुकानात पैसे भरून सॅक ठेवली, परत आले तोवर सपोर्ट तर संपलाच होता, मुख्य बँडची तीन गाणी झाली होती आणि ज्या गाण्यासाठी गेले होते ते त्यांनी दुसऱ्या नंबरलाच वाजवून टाकलं होतं. तर खांद्याला अडकणारी छोटी पर्स, पैसे, फोन, एक ओळखपत्र, बस. ऑफिसचा लॅपटॉप आधी घरी टाकायचा. जाड कोट असेल तर क्लोकरूमला दे, पण शो संपल्यावर तिथे मोठी लाइन लागते हे धरून चाल.

कान. मी बहिरी झाले तर माझं पोट बंद होईल म्हणून मी याबाबत हट्टी आहे, पण तुझ्यासाठीही सांगते. ८५ डेसिबलला आठ तास चालतात असं धरलं तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं, आणि असे शो १०० च्या आसपास चालतात, दीड-दोन तास. फोमचे नारंगी बोळे नकोत, ते बारीक आवाज आधी खातात आणि नुसता बेस उरतो. संगीतासाठी वेगळे इअरप्लग मिळतात, सगळंच सारखं कमी करणारे, दीड-दोन हजारात येतात, वर्षानुवर्षं टिकतात. ते घातले की उलट गाण्याचे शब्द जास्त नीट कळतात.

एकटीने विचित्र वाटेल का असं तू विचारलंस. नाही वाटणार. इथे एकटे येणारे भरपूर असतात, कुणी बघत नाही, विचारत नाही. उलट एकटी असलीस की जागा बदलता येते, बेस आवडला नाही की सरक. कुणी त्रास दिला तर हॉलच्या जॅकेटवाल्या माणसाला सरळ सांग, आणि डेस्कवर आम्ही असतोच, आमच्याकडे रेडिओ असतो. ब्रिक्स्टन असेल तर लवकर जा, मार्केटमध्ये खाऊन घे, तिथली इलेक्ट्रिक अ‍ॅव्हेन्यू ही विजेचे दिवे लागलेली पहिली बाजारपेठ, १८८० च्या दशकातली. इलेक्ट्रॉनिक गाणी ऐकायच्या आधी त्या रस्त्यावर वडापावच्या जातीचं काहीतरी खाणं बरं वाटतं, फक्त भाव तेवढा वडापावचा नसतो.

परतीचं तर तुझं नशीबच जोरावर आहे. ब्रिक्स्टनहून व्हिक्टोरिया लाइनने ग्रीन पार्क, तिथे ज्युबिलीने सरळ डॉलिस हिल, आणि शुक्रवार-शनिवारी या दोन्ही लाइन रात्रभर चालू असतात. शो सुटल्यावर लगेच स्टेशनकडे धावू नकोस, दारात तोबा गर्दी होते, वीस मिनिटं आत पाणी पीत थांब.

राहता राहिल्या मावशी, ज्यांना रात्री नऊनंतर तू बाहेर असणं पसंत नाही. त्यांना घेऊनच जा की. थट्टा नाही करत, ब्रिक्स्टनला वर बसायची बाल्कनी आहे, बसून सगळं स्टेज दिसतं. माझी आई पुण्याहून आली होती तेव्हा मी तिला अशाच एका शोला वर बसवलं होतं, शेवटी म्हणाली, तो चष्मेवाला मुलगा सुरात होता पण कपडे इस्त्रीचे नव्हते. पण वरचं आणि खालचं तिकीट वेगळं असतं, बऱ्याच वेळा वरच्या तिकिटावर खाली सोडत नाहीत आणि खालच्यावर वर. तर मावशींना वरचं काढ, तुझं खालचं, आणि सुटल्यावर आतमध्ये फोन लागणार नाही हे धरून आधीच ठरवून ठेवा, फोयरमध्ये कुठल्या जिन्यापाशी भेटायचं ते.